दानुताबाई आणि वीस अंशांचे पंधरा दिवस

दानुताबाईंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी इथे कॅनडात, मिसिसागाच्या गोदामात मालाची मोजणी करत होते. "आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. मी मोजणी पूर्ण केली, आकडा लिहिला आणि मग लक्षात आलं, तो चुकलाय. माझ्या हातून असं सहसा होत नाही. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

दानुताबाई आमच्याच भाड्याच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या वर तीन मजले राहायच्या. सात वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात किती अंश?" मी म्हटलं, "साडेसतरा." त्या इतक्या खूश झाल्या! "बाकीचे नुसतं 'थंडी आहे' म्हणतात. मला साडेवालीच बाई हवी होती." नव्या मालकाने बिल्डिंग घेऊन हीटिंग कमी केलं होतं. नियमाने घरात वीस अंश तरी हवेत. दानुताबाईंनी एक वही सुरू केली आणि आम्ही एकवीस कुटुंबं रोज सकाळ-संध्याकाळ आपापल्या घरातलं तापमान तिच्यात लिहू लागलो. सिटीच्या इन्स्पेक्टरला दाखवायला.

हे त्या पोलंडमध्ये शिकल्या होत्या. त्यांच्या गिरणगावात समाजवादी राजवट गेली, गिरणी बंद पडली आणि कामगारांच्या चाळी आतल्या माणसांसकट एका कंपनीला विकल्या गेल्या. भाडी वाढली, हीटिंग तुटलं. लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा कंपनीने एकेका कुटुंबाला वेगळं बोलावून सह्या घेतल्या आणि लढा तिथेच मोडला. म्हणून दानुताबाईंचा एकच नियम होता: ऑफिसात कुणीही एकट्याने जायचं नाही.

मी गेले. त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी सुटली होती. मॅनेजरने कागद पुढे केला: तक्रारीतून नाव काढा, दोन वर्षं भाडं वाढणार नाही. मी सही केली आणि कुणाला सांगितलं नाही. वहीत मात्र लिहीत राहिले... रोज वीस. घरात मुलगी जॅकेट घालून अभ्यास करायची. "मॉम, इट्स फ्रीझिंग," म्हणायची. मी वीसच लिहायचे.

पंधरा दिवसांनी दानुताबाईंनी चहाला बोलावलं, वही उघडली आणि माझ्या रकान्यावरून बोट फिरवलं. "सगळीकडे वीस. सुनंदा, तुझा अर्धा अंश कुठे गेला गं?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. वाटलं, दार दाखवतील. त्यांनी माझ्या कपात लिंबू पिळलं.

"आमच्या चाळीत तिसरी सही माझी होती," त्या म्हणाल्या. "आईला दमा होता. तिच्या खोलीत हीटर देतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोर्च्यात मीच सगळ्यांत पुढे... फलक धरून. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही." मग एकदम हसल्या. "तू पंधरा दिवसांतच कबूल केलंस, माझ्यापेक्षा बरी. आता शुक्रवारी सगळ्यांना सांग."

"मला नाही जमणार."

"जमेल. मी शेजारी बसते."

बैठक बेसमेंटच्या लाँड्रीत असायची. माझं बोलून झालं तेव्हा फक्त ड्रायर फिरत होते. सहाव्या मजल्यावरचे पंजाबी आजोबा म्हणाले, "भाभीजी, आप भी?" मला वर बघवेना. दानुताबाई माझ्या कोपराला कोपर लावून बसल्या होत्या. तशाच बसून त्यांनी स्वतःच्या सहीचं सांगितलं, इतक्या वर्षांत सगळ्यांसमोर पहिल्यांदा. त्यानंतर आणखी चौघांनी कबूल केलं की त्यांनीही त्या कागदावर सही केलीय. सोमवारी आम्ही एकवीसच्या एकवीस कुटुंबं ऑफिसात गेलो, सह्या मागे घेतल्या. मार्चमध्ये माझ्या घरात साडेवीस अंश होते. खरे.

आता बैठक मी घेते. मालक पुन्हा बदललाय, पुन्हा एकेकाला बोलावणी येताहेत. परवा चौथ्या मजल्यावरची एक नवी मुलगी उठली, "मला काही सांगायचंय," म्हणाली आणि तिथेच थांबली. मी वही मिटली, खुर्ची उचलून तिच्याजवळ नेली आणि तिला खाली बसवलं. मग ती बोलू लागली. तिचं कोपर माझ्या कोपराला लागून थरथरत होतं. त्या शुक्रवारीही असंच काही थरथरत होतं. ते माझं की दानुताबाईंचं... विचारायचं राहून गेलं.