वळणावरचं झाड
आटगावचा जयराम उंबरमाळीच्या वळणावर वाघोबा देवाला हॉर्न दिल्याशिवाय कधी जीप पुढे काढत नाही. आज सकाळी घाईत विसरला आणि जीप झाडावर आदळली, असं त्याने फोनवर सांगितलं.

मी विम्याची सर्व्हेअर. वळणावर पोचले तर जीपचं तोंड चेपलेलं, पण समोर नुसतं गवत.

“नुसती थर्ड पार्टी असती तर तुमच्या गाडीचं काहीच मिळालं नसतं. तुमची पॉलिसी पूर्ण आहे, मिळेल. पण खोटं सांगू नका!” मी चिडले. “झाड कुठाय?”

“वाघोबाचंच झाड ते. सहा वर्षांमागं रस्त्यासाठी तोडलं, मॅडम. तोडणाऱ्यांत मीपण होतो. म्हणून तर हॉर्न देतो.”

मी रागानेच बंपरवरून हात फिरवला. बोटांना ओला शेंदूर लागला.