दोन गोण्या माती आणि टांगलेली भेद्रं

माणूस गाव सोडतो, पण माती माणसाला सोडत नाही. हे वाक्य माझं नाही. माझे वडील वरवट बकाल सोडून माझ्याकडे पुण्याला यायला निघाले, त्या दुपारी देवळाच्या ओट्यावर त्यांचा निरोप समारंभ झाला आणि गावातल्या एका पुढाऱ्याने शाल-श्रीफळ हातात ठेवत ते उच्चारलं. वाक्य खरं होतं. ते उच्चारलं जात असताना माती खताच्या दोन रिकाम्या गोण्यांत भरून, तोंडं सुतळीने शिवून, ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर आमच्या आधी जाऊन बसली होती.

भाषणं तीन झाली. दुसऱ्या भाषणात बाबांचा उल्लेख भूतकाळात येऊ लागला, तेव्हा ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "मी मेलो काय वो बाई?"

मी नाही म्हटलं.

"मंग हे काऊन रडून राह्यले?"

थांब्यावर क्लीनरने पहिली गोणी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "काय हाय काका याच्यात?"

"माती."

"पुन्यात माती नाई काय?"

"असन. पण तिची न् आपली ओयख नाई."

मी स्वतः गाव सोडलं तेव्हा समारंभ वगैरे झाला नव्हता. अठरा वर्षांची होते. शेगाव स्टेशनवर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि बाबा. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, "जाय. पेटीवर ध्यान ठेव." या वाक्यात काही खोल अर्थ असावा असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. मग लक्षात आलं, पेटीला कुलूप नव्हतं.

वसतिगृहात पहिल्या दिवशी मी "मले पाणी पाह्यजे" म्हटलं आणि खोलीतल्या तिघी हसल्या. वाईट मनाने हसल्या नव्हत्या, पण पंधरा दिवसांत मी "मला" म्हणायला शिकले. तेव्हापासून माझ्या तोंडात दोन मराठी आहेत. एक मी नोकरी करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात चालते, दुसरी फोनवर गावाकडे. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे समजावून सांगायला नको. जे गावातच राहिले त्यांना एवढंच सांगते, की ठेच लागली की दुसरीच बाहेर येते.

आई गेल्यावर बाबा दोन वर्षं एकटे राहिले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघे बोलू लागले, शेत चुलतभावाला बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दिलं. मी एकुलती एक. तरी त्यांना पुण्याला आणणं सोपं नव्हतं, कारण आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं अन्न खात नाही. लेकीला मूल झालं की ही अट सुटते म्हणतात. आम्हाला मूल नाही. म्हणजे कायद्याने अट अजून लागू होती, आणि बाबा कायदा पाळणारे.

त्यांनी तोड काढली. मातीबरोबर स्वतःच्या शेतातल्या ज्वारीचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला, स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीशेजारी ठेवला आणि जाहीर केलं, "आपली ज्वारी आपुन खाऊ. डबा सरला का मी चाललो." कपड्यांची पिशवी त्यांनी कपाटात ठेवली नाही. ती दाराच्या खुंटीला, चपला घातल्या की हाताला लागेल अशी.

माझा नवरा विनय पुण्याचाच. तो हिशोबी माणूस. डब्यात डोकावून म्हणाला, "दोन महिने फार तर."

दर रविवारी बाबा आंघोळीला गेले की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली दोन मापं ज्वारी त्या डब्यात ओतू लागले. चोरी करताना माणूस काहीतरी बाहेर नेतो. मी आत आणत होते, म्हणून फारसं काही वाटलं नाही.

पण नुसत्या ज्वारीवर बाप टिकत नाही. त्याला पहाटे उठून बघायला काहीतरी लागतं. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बघण्यासारखं होतं ते असं: वॉशिंग मशीन, कपड्यांचा स्टँड, एसीचं बाहेरचं खोकं आणि विनयची सायकल, जी तो चालवणार आहे. बाबांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत राखेत घोळवलेलं बी. आमच्याकडच्या गावरान, बोराएवढ्या, आंबट टोमॅटोचं. आम्ही त्यांना भेद्रं म्हणतो. आई परसात, भांडी घासायच्या जागेजवळ लावायची आणि सांडपाण्यावर ती आपली आपण फळायची. हे बी तिने शेवटच्या साली धरलेलं.

"कुठं लावाचं हे?" बाबांनी विचारलं.

फरशीवर जागा नव्हती. शिल्लक होती ती हवा. मी म्हटलं, टांगत्या कुंड्या आणू, छताला हुक मारू.

"झाड टांगाचं?"

"हो."

"झाड काय धोतर हाय काय वो टांगाले?"

पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः हुक मोजत होते. तीन कुंड्या आल्या. गोणी फोडली. वाटीत रुजवलेली रोपं वीतभर झाल्यावर बाबांनी कुंड्यांत काठोकाठ आपली काळी माती भरली, अंगठ्याने दाबून बसवली आणि पाणी दिलं. शेताला देतात तसं. एकदाच, पोटभर.

आमची काळी माती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ती उन्हाळ्यात अशी भेगाळते की पायाचा पंजा आत जातो, आणि पाणी प्यायली की फुगते, जडावते आणि प्यालेलं सोडत नाही. जमिनीवर हा गुण आहे. छताला टांगल्यावर काय होतं ते चौथ्या दिवशी सकाळी कळलं. मधला हुक प्लास्टरसकट निघाला. कुंडी वॉशिंग मशीनच्या झाकणावर आदळली, झाकणाला खळगा पडला, आणि चिखलाचा पाट कठड्याखालून तिसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरला.

मी बाल्कनीत पोचले तेव्हा बाबा चिखलातून रोपं गोळा करत होते. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस. त्यांनी रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून कठड्यावर ठेवली, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"बाबा, असं काय करता."

"लेकीच्या घरी राहून नुस्कान करून राह्यलो मी. आजच्या गाडीनं जातो."

तेवढ्यात बेल वाजली. लिमये काकू दारात. बँकेतून निवृत्त झालेल्या, सोसायटीत सगळे त्यांना थोडं घाबरून असतात. हातात चादर, चादरीवर वरवट बकालची माती. बाबा पिशवी घेऊन उभेच होते. त्यांनी मान खाली घातली.

"म्याडम, चुकी माझी हाय. हिचा काही संबंध नाई."

काकूंनी चादर खुर्चीवर ठेवली, सरळ बाल्कनीत गेल्या, वर छताच्या भोकाकडे पाहिलं, खाली कुंडीकडे पाहिलं आणि एक ढेकूळ उचलून बोटांनी मोडायचा प्रयत्न केला. ते मोडलं नाही.

"काका, काळी माती टांगतात का कुणी?"

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"शेती किती वर्षं केलीत?"

"चायीस."

"मग हे कसं सुचलं?"

"जमिनीवर केली, म्याडम. लटकून नाई केली."

लिमये काकू हसल्या. त्या हसतात ही सोसायटीला माहीत नसलेली गोष्ट होती. मग त्यांनी कठड्यावरचं फडकं उघडलं, पानं बोटांत चुरून वास घेतला आणि म्हणाल्या, "हे गावठी दिसतंय. यातली दोन रोपं मला द्या, मग चादरीचं बघू." त्यांच्या बाल्कनीत सहा कुंड्या टांगलेल्या होत्या, सगळ्या कोकोपीटमध्ये. बाबांना त्या दाखवायला घेऊन गेल्या. बाबा पिशवी घेऊनच गेले, तासाने परत आले आणि पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. "रोपं धरली का जातो," म्हणाले. "त्या बाईले वाटन पयाला."

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, विटेसारखा दाबून विकतात. बाबांनी ती वीट बादलीत टाकली, पाणी ओतलं आणि ती फुगून बादलीभर होताना शेजारी उकिडवे बसून पाहत राहिले. ओंजळीत घेतली. वजनच नाही. म्हणाले, "निरोपाच्या दिवशी त्या पुढाऱ्यानं नारय हाती देला, तवाच समजाले पाह्यजे होतं."

पुढचे दोन महिने बाबा पुन्हा विद्यार्थी झाले. या भुग्यात स्वतःचं असं पोषण काही नसतं, म्हणून मूठभर गांडूळखत मिसळायचं. पाणी शेतासारखं पोटभर नाही, रोज थोडं थोडं, आणि एप्रिलात दोन वेळा. नवीन हुक विनयने सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून बसवले. फांद्या वर बांधायच्या नाहीत, काठावरून खाली सोडायच्या. फुलं आली की सकाळी देठाला टिचकी मारायची, कारण चौथ्या मजल्यावर मधमाशा येतातच असं नाही. ही टिचकी मारताना बाबा आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेत. रोज सकाळी जिन्यातून खालच्या मजल्याशी संवाद चाले.

"काका, तुमची फुलं गळतायत का?"

"नाई म्याडम. तुमचे?"

"दोन गळली."

"पानी जास्त होऊन राह्यलं तुमचं." हे सांगताना त्यांचा आवाज थोडा उंचावे.

मे महिन्यात पहिली सात भेद्रं लाल झाली. बाबांनी एक लिमये काकूंना नेऊन दिलं. सहा गॅसवर भाजली, साल काढली, लसूण आणि हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वरून कच्चं तेल. मी भाकरी टाकली. आम्ही तिघं जेवायला बसलो. पहिला घास घेतल्यावर बाबा बराच वेळ चावत राहिले. आईच्या हातची आठवण आली का, असं मी विचारणार होते.

"मीठ कमी झालं," ते म्हणाले.

मग भाकरीचा तुकडा उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, त्या डब्यात आता ज्वारी नको टाकत जाऊ."

विनय ताटाकडे पाहू लागला. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आपली ज्वारी बारीक, जराशी पिवयी. हे पांढरीफट, दान्यात जीव नाई. दुसऱ्याच आठोड्यात समजलं मले."

"मग गेला का नाहीत? डब्यातली आपली ज्वारी तर सरली होती."

"कसा जाऊ? झाडं लहान होते."

आणि कायद्याचं काय, असं मी विचारलं नाही. त्याचं उत्तर त्यांनीच दिलं. भेद्रं आपल्या हातची आहेत, तेव्हा भाकरीला आता कुणाची ज्वारी आहे ते पाहायची गरज नाही. झाडं आहेत तोवर राहतो. एवढं बोलून त्यांनी सर्वांत पिकल्या भेद्राचा, भाजण्याआधीच बाजूला काढून ठेवलेला गर कागदावर पसरला, बी सुकवायला. त्या संध्याकाळी खुंटीवरची पिशवी मी धुवायला टाकली. त्यांनी हरकत घेतली नाही.

गावाकडचे फोनवर विचारतात, बाबांचं मन रमलं का. जे माझ्यासारखे गेले, ते विचारतात, आता घर म्हणजे नेमकं काय. या प्रश्नावर मी पुष्कळ पुस्तकं ग्रंथालयात लावून ठेवली आहेत आणि त्यातली बरीच वाचलीही आहेत. बहुतेकांत शेवटी माती येते. आमच्याकडे आता झाडांची दुसरी खेप लोंबते आहे, तीन कुंड्या आमच्या, दोन लिमये काकूंच्या. पहाटे उठून बाबांना बघायला काहीतरी आहे, आणि जिन्यात कुणीतरी चूक काढायला आहे. मी कामावरून आले की दाराच्या खुंटीकडे पाहायची सवय अजून गेलेली नाही. तिथे हल्ली विनयचं हेल्मेट असतं.

माती मात्र बाबांनी टाकू दिली नाही. सांडलेली वेचून, कुंड्यांतली उकरून पुन्हा गोणीत भरली, दोन्ही गोण्या सुतळीने शिवून बाल्कनीच्या कोपऱ्यात एकीवर एक रचल्या. झाडांना पाणी घालून झालं की ते तिच्यावर बसतात. प्लास्टिकच्या स्टुलापेक्षा कमरेला बरं पडतं म्हणतात.