नेनेकाकांची हाक

अमेरिकेतल्या त्या लाल दरीच्या कड्यावर बस रिकामी झाली आणि आमची बोलघेवडी मंडळी एकदम गप्प झाली. टूर मॅनेजरसुद्धा माहिती सांगायचं विसरला. एवढं जुनं, एवढं खोल काही समोर आलं, की आपण फार परके वाटायला लागतो.

रोज बस सुटताना गजर करणाऱ्या नेनेकाकांना ती शांतता सोसेना. कठड्याला धरून ते ओरडले, "गणपती बाप्पा!"

आम्ही ओशाळून इकडेतिकडे पाहत राहिलो. तेवढ्यात खालच्या पायवाटेवरून, वळणाआडून, कुणीतरी न दिसणाऱ्यानं खणखणीत उत्तर दिलं, "मोरया!"

काकू हरखल्या. "अहो, विचारा ना, कुठले?"

"कुठले होऽऽ?"

"साताराऽऽ!"

एवढी अफाट दरी, पण आता आमच्या आळीएवढीच रुंद उरली होती.