काच सरकवायची नाही

"काच सरकवायची नाही, आपण सरकायचं," हे फोटोमामांचं ठरलेलं बोलणं. स्टुडिओत कुणी म्हणालं, जरा जवळून घ्या की, तर मामा हे वाक्य म्हणत आणि स्वतः पुढे जात. लांबून हवा असेल तर मागे. सगळी गल्ली त्यांना फोटोमामा म्हणायची. सून नुसतंच मामा म्हणायची, कारण ते तिचे सासरे होते.

त्यांच्या कॅमेऱ्याला फिक्स लेन्स होती. फिक्स म्हणजे ती चित्र जवळ आणत नाही, लांब नेत नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर फोटोवाल्यानेच चालत जायचं. मामा आयुष्यभर चालले. एकदा एका समारंभात मागे सरकता सरकता ते कारंज्याच्या हौदात बसले, पण कॅमेऱ्याचा हात वर होता आणि फोटो आला. सासूबाई सांगायच्या, "संसार नवा होता तेव्हा माझा फोटो काढायला मागे मागे गेले, ते थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. चहा घेऊनच परत आले."

सुनेने धंद्यात हात घातला तशी झूम लेन्स आणली. एका जागी उभं राहायचं, लेन्सभोवतीचं कडं फिरवायचं, लांबचं जवळ येतं. मामा तिला आळशाची काच म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की झूममध्ये डझनावारी काचा, सगळं एकत्र कुटुंब. सगळ्यांची मर्जी राखता राखता एकाचंही धड होत नाही. आपल्या फिक्समध्ये मोजक्याच, एकमेकींना धरून. त्यावर सून म्हणायची, की एकत्र कुटुंबात निदान कामं तरी होतात. ही भांडणं दोघांनाही मनापासून आवडायची.

मग हवा दमट झाली आणि फिक्सला आतून बुरशी धरली. मामांनी नेहमीसारखी ती स्वतः उघडली, एकेक काच पुसली, पुन्हा जोडली. त्यानंतर त्यांचे फोटो बिघडले. मधला चेहरा बरा, पण रांगेच्या टोकाची माणसं पाण्यात कालवल्यासारखी. संगणकापुढे ते बराच वेळ बसले. कॅमेरा खुंटीला लावला आणि म्हणाले, "आता तूच काढत जा, सूनबाई."

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. पण शाळेतल्या शिक्षकांचा दरवर्षीचा ग्रुप फोटो, ज्याला ते कुणाला हात लावू देत नसत, तोही त्यांनी तिच्यावर सोपवला, तेव्हा तिने सासूबाईंना गाठलं. सासूबाईंनी भांडी विसळता विसळता हळूच सांगितलं, की हे रोज खिडकीत पेपर धरतात. आधी एक डोळा मिटून बघतात, मग दुसरा. यांच्या थोरल्या भावाची नजर अशीच गेली होती. डॉक्टरकडे चला म्हटलं की विषय बदलतात. डॉक्टर एकदा बोलला की ते खरं झालं, एवढंच त्यांना वाटत असावं. जुन्या फिक्सवर चित्र स्पष्ट करायचं काम डोळ्यांनी बघून, हाताने कडं फिरवून करावं लागतं. फोटो अस्पष्ट आला म्हणजे डोळे गेले, असा मामांनी स्वतःपुरता निकाल लावला होता.

डोळ्यांचं नाव काढायची सुनेची छाती नव्हती. म्हणून तिने जुनं भांडण उकरून काढलं.

"मामा, एकदाचा निकाल लावू. तुमची फिक्स की माझी झूम. पेपर भिंतीवर लावते."

"नको गं. तुझीच जिंकली म्हण."

"तशी भीक नको मला."

मामांना हे लागलं. ते उठले.

तिने पेपराचं पान भिंतीवर ताणून चिकटवलं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला. आधी झूम लावून फोटो घेतला, मग त्याच जागेवरून मामांच्या फिक्सने; दोन्हींत पान सारखंच मोठं दिसेल असं झूमचं कडं तिने आधीच ठेवलं होतं. फिक्सचं कडं तिने स्वतः फिरवलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर अक्षर मोठं करून, वेलांटी न् वेलांटी सुटी दिसेपर्यंत. कॅमेऱ्याला हात लागू नये म्हणून बटणही दाबलं नाही, टायमर लावला. मामा मागच्या भिंतीला टेकून लांब उभे होते.

संगणकावर दोन्ही शेजारी ठेवले. झूमचा कागद कोपऱ्यापर्यंत वाचता येत होता. फिक्सचा मधे स्वच्छ, आणि कडेला अक्षरं गोल फिरून विरघळलेली. जिंकल्याचं तोंड कसं करावं हे सुनेला कळेना.

मामा मात्र पुढे वाकले. "हे तू केलंस ना? तुझ्या डोळ्यांनी?"

"हो."

"तुझे डोळे चांगले आहेत?"

"घरातल्या सगळ्या सुया मीच ओवते, मामा."

मामा मटकन खुर्चीत बसले. चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, की खांदेही खाली आले. मग ते हसायला लागले. "हरलो," म्हणाले, "अगं, ऐकलंस का, मी हरलो."

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "हरलात तर ओवाळू का?"

पण मामांनी तोवर लेन्स उघडली होती. पुढची काच चिमट्यात धरून त्यांनी उजेडात वळवली. फुगीर बाजू बाहेर हवी, ती आत बसली होती. त्यांना पटेना. त्यांची रीत पक्की होती. काढलेली काच मऊ कापडावर फुगीर बाजू खाली करून ठेवायची आणि ठेवली तशीच उचलून बसवायची; बघायचीसुद्धा गरज नाही, हाताला ठाऊक असतं.

सासूबाई काचेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, की तुम्ही काचा पुसल्यात त्या दिवशी माझ्या बोटात कुसळ गेलं होतं. तुम्ही हात धुवायला गेलात, तेवढ्यात ते बघायला ही काच घेतली होती. "ठेवताना डुगडुगत होती हो. म्हणून सपाट बाजू खाली ठेवली."

मामांनी विचारलं, "कुसळ निघालं?"

"निघालं."

"मग लेन्स चांगलीच आहे."

काच सरळ बसवून त्यांनी पुन्हा फोटो घेतला, या वेळी स्वतः, स्वतःच्या डोळ्याने. कोपऱ्यातली बारीक जाहिरात टाचणीने कोरल्यासारखी उमटली. लेन्सच्या आतली, उजेड कमीजास्त करणारी पाती पूर्ण उघडल्यावर झूमचा कागद दुधात धुतल्यासारखा झाला, फिक्सचा खमका राहिला. झूमचं कडं जास्तीत जास्त रुंद दिसेल असं फिरवलं की रकान्यांच्या सरळ रेघा पिंपासारख्या फुगत. पण पाती थोडी मिटली की मधल्या भागात दोघींत डावंउजवं करता येईना. मामांनी तेही कबूल केलं. म्हणाले, एकत्र कुटुंब वाटलं होतं त्यापेक्षा बरं चालतंय. सुनेने हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं.

ग्रुप फोटोच्या सकाळी खुंटीवर कॅमेरा नव्हता. मामा पायरी उतरून रस्त्यावर आले. सासू-सून दारात उभ्या बघून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागे मागे सरकू लागले.

"मागे गटार आहे," सासूबाई म्हणाल्या.

"दिसलंय मला," मामा म्हणाले. फोटो काढून ते वळले आणि शाळेच्या वाटेने झपाझप निघाले. सून आत कामाला गेली. सासूबाई मात्र दारातच होत्या. रस्त्यात एक दगड वर आलेला होता. मामांनी तो लांबूनच हेरून बाजूने पाऊल टाकलं, तेवढं त्यांनी पाहून घेतलं.