निळ्या बाजूचा सूर

भाच्याचा फोन आला तेव्हा मी ताईच्या इंदिरानगरच्या श्रवणतपासणी केंद्रात बसून पेशंटांना पुढच्या वेळा देत होते. मुंबईहून ऑपरेशन करून ती परत येणार होती ना! भाचा एवढंच म्हणाला, "मावशी, आई गेली..." त्यानंतर एका पेशंटचा फोन आला आणि त्यालाही मी शांतपणे सोमवारची वेळ देऊन टाकली. दीड महिना झाला, तो सोमवार कुठून आला तोंडात, मला कळत नाही.

ताई लोकांचे कान तपासायची. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे बाहेरचं टेबल सांभाळायला लागले आणि लहानपणी खाल्लेली तिची बोलणी नव्याने खाऊ लागले. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की ती तपासणी थांबवून भांडायला जायची आणि येताना आपलंच दळण घेऊन यायची. सिन्नरकडचे एक आजोबा म्हणाले, "मला समदं ऐकू येतं, सूनबाईचंच तेवढं येत नाय." तपासून झाल्यावर तिने त्यांना समजावलं की सूनबाईचं काही चुकत नाही, बारीक आवाज ऐकायची त्यांची ताकदच कमी झालीय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, सुनेवर संशय घेऊ नये, यंत्रावर मात्र रोज घ्यावा. आणि ती घ्यायचीच. पहिला पेशंट यायच्या आधी स्वतः हेडफोन लावायची, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या, आणि जाड सुरापासून शिट्टीसारख्या बारीक सुरापर्यंत सगळे ऐकून बघायची. आपले कान तिला पाठ होते. एखादा सूर दबका वाटला तर दोष यंत्राचा.

एका सकाळी निळ्या बाजूचा बारीक सूर तिला आलाच नाही. तिने वायर हलवली, पिन काढून पुन्हा बसवली, मग मला आतल्या तपासणीच्या खोलीत बसवलं. मला तो स्वच्छ ऐकू येत होता, पण काचेपलीकडचा तिचा चेहरा बघून ऐकू आल्याचं बटण दाबायला हात होईना. यंत्र बिघडलेलं निघू दे, म्हणून मी तिथल्या तिथे नवश्या गणपतीला नवस बोलले. मग ताईने हेडफोन उलटे घातले. बिघाड यंत्रात असता तर आता उजवा कान रिकामा राहिला असता. उजव्या कानात सूर आला. डाव्यात लाल बाजूचाही आला नाही.

"यंत्र ठीक आहे. पहिल्या पेशंटला पाठव," ती म्हणाली. त्या दिवशी तिने एकही पेशंट परत पाठवला नाही.

कानाच्या नसेवर गाठ निघाली. लहान, सावकाश वाढणारी. डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल. काढली तर त्या कानाचं उरलेलं ऐकू येणं वाचेलही, पण जोखीम आहे. मी थांब, थांब म्हणत राहिले. माझी झोप उडाली होती, ती मात्र ठाम होती.

"स्वतःच्या कानाचा भरवसा नसताना दुसऱ्याचे कान मी कोणत्या तोंडाने तपासू?"

ऑपरेशन नीट झालं, असं कळलं. दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला...

केंद्र आता तिची विद्यार्थिनी चालवते. ती यायच्या आधी मी कुलूप उघडते आणि ताईसारखी हेडफोन लावून बसते. कुणी सांगितलेलं नाही. निळ्या बाजूची पाळी आली की वाटतं, आता मलाही येणार नाही, सख्खी बहीण आहे मी तिची. सूर येतो, बारीक, स्वच्छ. जीव भांड्यात पडतो, आणि लगेच त्या यंत्राचा राग येतो. इतक्या वर्षांत एकदा, फक्त त्या सकाळी, बिघडायला त्याला काय झालं होतं?