सोफ्यावरचा सेनापती

वैशाखातल्या नागपूरच्या सकाळीला ओल्या वाळ्याचा वास असतो. कूलरच्या जाळीतून झिरपणारा तो सुगंधी गारवा, खिडकीबाहेर ऐन उन्हात पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा आणि समोर कोरा कागद, एवढं लाभलं की सीताबर्डीच्या गल्लीतलं आमच्या व्यंगमासिकाचं दोन खोल्यांचं कार्यालय मला राजप्रासादासारखं भासतं. मासिकाची मुखपृष्ठं कित्येक वर्षं मीच रेखाटतो आहे.

एका वैशाखात मात्र सीमेवर तोफा धडाडू लागल्या आणि शहराची भाषाच पालटली. पानठेल्यावर क्षेपणास्त्रांचे पल्ले मोजले जाऊ लागले, चहाच्या घोटागणिक शत्रूची नगरं काबीज होऊ लागली. मी चित्र काढलं. बनियन घातलेला एक ढेरपोट्या गृहस्थ टीव्हीसमोर बसून तलवारीसारखा रिमोट उगारतो आहे, आणि त्याच्या सोफ्याला रणगाड्याचे पट्टे फुटले आहेत. आमच्या संपादक देवयानीताई ते बराच वेळ न्याहाळत राहिल्या. "लोक चिडतील," त्या म्हणाल्या आणि मग स्वतःच खुदकन हसल्या, "छापू या."

लोक खरंच चिडले. फोन खणखणू लागले, विक्रेत्यांनी गठ्ठे परत पाठवले, जुन्या जाहिरातदारांनी पाठ फिरवली. मासिक बंद पडतं की काय, ही चिंता ताईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागली.

अशाच एका दुपारी कामठीहून वामनराव आले. आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहिलेले, उंच, करड्या मिशांचे. मुठीत आमचा अंक, आणि मागे त्यांची सून प्रज्ञा.

"माझा पोरगा तिकडे बॉर्डरवर उभा हाय," ते गरजले, "अन् तुम्ही इथं काहून हसून राहिले जी?"

सैनिकाला नव्हे, घरबसल्या युद्ध मागणाऱ्याला मी हसलो होतो. पण समोर उभ्या असलेल्या बापाला हे कुठल्या तोंडानं सांगावं? मी शब्द जुळवत असतानाच प्रज्ञानं त्यांच्या मुठीतला अंक सोडवून टेबलावर उलगडला. नीट चित्र पाहिलं, आणि पदर तोंडाशी धरूनही तिला हसू आवरेना.

"मामाजी, हे तं तुम्हीच आहा!"

वामनराव वाकले. चष्मा सावरून त्यांनी तो बनियन पाहिला, तो रिमोट पाहिला. "माझं पोट एवढं नाही वं," ते पुटपुटले, आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. मग तेही हसले, मीही हसलो, आणि ताईंनी चहा मागवला.

चहा पिताना ते हलकेच म्हणाले, "मी टीव्हीसमोर लय ओरडतो जी, खरं हाय. चूप बसलो का मले भेव लागते."

हे वाक्य बहाव्याच्या पाकळीसारखं अलगद येऊन पडलं, पण मी अंतर्बाह्य हललो. त्या ढेरपोट्या गृहस्थाची प्रत्येक सुरकुती मी हौसेनं रंगवली होती. त्याच्या आवाजामागे भय असेल, हे मात्र माझ्या मनात डोकावलंही नव्हतं.

तेवढ्यात प्रज्ञाचा मोबाईल वाजला. सीमेवरून तिचा नवरा व्हिडिओ कॉलवर होता, कित्येक दिवसांनी. "कसे आहा?" एवढंच तिला विचारता आलं. मग तिनं फोनचा कॅमेरा मुखपृष्ठासमोर धरला. पलीकडून हास्याचा लोट उसळला. त्या एकट्याचा नव्हे, आसपासच्या कितीतरी तरुण गळ्यांचा. "बाबाले दाखवलं का?" तिच्या नवऱ्यानं हसता हसता विचारलं.

बाबा तिथेच होते. कान फोनकडे लावून, डोळे मिटून ते मुलाचं हसू ऐकत होते.

पुढे तोफा थंडावल्या, अंकांचे गठ्ठे हळूहळू पुन्हा ठेल्यांवर गेले आणि मासिक तगलं. नव्या मुखपृष्ठासाठी मी अनेकदा तेच वामनराव काढू पाहतो. ढेरी जमते, मिशाही जमतात. ते ऐकणं मात्र कुठल्या रेषेनं काढायचं, ते मला अजून गवसलेलं नाही.