सोबतीची आत्या

आत्याला कधीही विचारा, कशी आहेस, उत्तर एकच असायचं. "दमले गो बाय." सकाळी चूल पेटवायच्या आधी विचारलं तरी दमलेली, संध्याकाळी विचारलं तरी दमलेली. ती हे तक्रार म्हणून सांगत नसे. आपण ‘बरी आहे’ म्हणतो ना, तसं म्हणायची. पाठ टेकायला काहीही मिळालं की बसल्या बसल्या तिचा डोळा लागे, मग ते देऊळ असो, जीप असो की लग्नाचा मांडव. एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि ही मागच्या खांबाला टेकून खुशाल घोरत होती. कुणीतरी हलवून उठवलं तर म्हणाली, "लागलं का लगीन? मग जेवायला वाढा."

ती माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. घरटी एक तरी पुरुष मुंबईला. वाडीत राहतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. कुणी आजारी पडलं, कुणाचे दिवस भरले, की सगळ्यात मोठा प्रश्न असतो, सोबतीला कोण जाणार? सून गेली तर घर अडतं, सासू गेली तर गुरं उपाशी. आत्याला ना सून, ना गुरं. त्यामुळे तिलाच पाठवायचं हे जणू ठरूनच गेलं होतं. शेजारच्या वाड्यांतूनही तिला बोलावणं यायचं. सगळे तिला सोबतीची आत्या म्हणत.

तिची पिशवी कायम खुंटीला भरलेली टांगलेली असे. त्यात एक चादर, तांब्या, कपडे वाळत घालायला दोरी, खारी बिस्किटांचा पुडा. कुणी हाक मारली की पिशवी खांद्याला अडकवून, "माझ्या नशिबाला काय निवांतपणा नाय," असं पुटपुटत ती डोंगर उतरायला लागायची. खाली रस्त्यावर जीप आली की आधी स्वतः पुढच्या सीटवर चढून बसायची. ड्रायव्हर ओरडला की म्हणायची, "ओरड तू. ही पोटुशी बाय मागं बसून तुझे गचके खाणार हाय का?" मग पेशंटला पुढे बसवून आपण मागे, गोणीवर.

दवाखान्यात ती कॉटखाली चादर पसरून झोपे. वॉर्डातल्या बायकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. "ए तुडीलवाली, तुझं सलाईन संपलंय बघ." आपल्या पेशंटचं झालं की दुसरीचं पाणी आणून दे, तिसरीचं मूल घेऊन फिर. सिस्टर तिच्यावर खेकसत आणि अडचण आली की तिलाच हाक मारत. आजाराबिजारातलं तिला काही कळत नव्हतं, आणि कळतं असा आवही ती आणत नसे. माणूस एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

मी दासगावची. महाडला कॉलेज करून या वाडीत आले तेव्हा मला डोंगर चढायची सवय नव्हती, आणि यावरून हसायला आत्या सगळ्यात पुढे. "नदीकाठची म्हैस डोंगरावर आणलीय," असं ती सासूबाईंना माझ्यादेखत म्हणायची. पण मला दिवस गेल्यावर विहिरीवरून माझी कळशी तिने न सांगता आणायला सुरुवात केली. पाचव्या महिन्यापर्यंत सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातव्या महिन्यात ओटी भरून मला दासगावला पाठवायचं ठरलं. मधली तपासणी राहिली. सासरचे म्हणाले, आता महाडलाच दाखवतील. माहेरचे म्हणाले, तिकडे दाखवलंच असेल. आमच्याकडे कितीतरी लेकीसुनांचं असंच होतं. बाई या घरातून त्या घरात जायची असते, आणि तपासणी मधल्या मधे राहून जाते.

ओटीच्या हिरव्या बांगड्या आणायला आत्याला पोलादपूरला पाठवलं. माप म्हणून माझी लग्नातली एक बांगडी नेली होती. आणलेल्या बांगड्या हातात जाईनात. सासूबाईंनी साबण लावला, तेल लावलं, माझ्या बोटांचा चोळामोळा केला. आत्या भडकली. दुसऱ्याच दिवशी पुन्हा खाली उतरून कासारणीशी कडाकडा भांडून मोठ्या मापाच्या घेऊन आली. "म्हणते कशी, माझं माप बरोबर हाय, तुमच्या सुनेचा हात वाढलाय, तिला दवाखान्यात दाखवा. हिला बांगड्या विकायच्या का डॉक्टरकी करायची हाय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. अंग भरतंय, चेहऱ्यावर तेज आलंय, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगत होती. सूज आणि तेज यांतला फरक तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळला नाही.

ओटीच्या दिवशी आत्या दाराशी उभी होती. बांगड्या आणायला ती चालायची, भरायला चालत नव्हती. विधवा बाईने ओटीला हात लावायचा नाही. याचं तिला काही वाटतं का, असं मी कधी विचारलं नाही, आणि तिने कधी दाखवलंही नाही. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर ती मागच्या पडवीत भिंतीला टेकून झोपून गेली.

त्यानंतर माझं डोकं दुखायला लागलं. आत्याने सुंठ उगाळून लावली. बरगडीखाली कळ यायला लागली, ते पित्त समजून तिने आमसुलाचं सार करून दिलं. मी म्हटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ती म्हणाली, "खात नायस, मग चमकतील नायतर काय?" माहेरची माणसं रविवारी न्यायला यायची होती, तेवढं निभावून नेऊ असं सगळ्यांना वाटत होतं. शुक्रवारी सकाळी मी उठले तर समोरची भिंत मला धड दिसेना. आणि पोटात, रोज सकाळी लाथा मारून उठवणारं मूल, गप्प होतं. मी हे फक्त आत्याला सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. सासूबाई म्हणाल्या, "रविवारी येतायत ना न्यायला?" "त्यांना दवाखान्यात येऊ दे," आत्या म्हणाली आणि जीपवाल्याला फोन लावायला सांगितला.

महाडच्या दवाखान्यात पोचल्यावर बीपी बघणाऱ्या सिस्टरने पट्टा दोनदा बांधला. मग सगळे धावायला लागले. हाताला सुई लावायची होती, पण बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या आणि बोटं जांभळी पडली होती. साबणाने निघेनात. सिस्टर म्हणाली, फोडाव्या लागतील. सासूबाईंनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. सौभाग्याच्या बांगड्या, ओटीच्या, आणि माझा नवरा, त्यांचा मुलगा, तिकडे मुंबईत. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. घाबरल्या होत्या. सिस्टर ओरडत होती, "आजी, सोडा, हिला झटका येईल." आणि त्या सोडत नव्हत्या.

तेव्हा आत्या पुढे आली. "सोड, वैनी. मी वाढवते. काय व्हायचं ते माझ्यावर येऊ दे." दाराशी उभी राहणारी ही बाई, तिने माझ्या मनगटावर आपला पदर टाकला आणि वरून तांब्याने बांगड्या फोडल्या. एका हाताच्या, मग दुसऱ्या. काच मला टोचली नाही. एवढंच मला आठवतं. पुढे झटका आला, तो मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा अंगात आग आग होत होती. इंजेक्शनांनी तसं होतं म्हणे. बाळ गेलेलं होतं. मुलगा होता. डॉक्टरांनी नंतर मला आणि नवऱ्याला समोर बसवून सगळं नीट समजावलं: बीपी वाढलं, वारेतून बाळाला रक्त पोचेना, आणि बाळाचं हृदय आम्ही दवाखान्यात पोचायच्या आधीच थांबलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर तुम्हीही गेला असता, असंही म्हणाले. पण बाळाचे ठोके बघितले गेले ते बांगड्या फुटल्यानंतर. वाडीत हाच क्रम पोचला. आधी बांगड्या फुटल्या, मग मूल नाही असं कळलं.

सासूबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ओटीच्या बांगड्या होत्या त्या." तेवढं पुरलं. त्या वर्षी वाडीत आणखी दोघी बाळंत व्हायच्या होत्या, आणि दोघींबरोबर त्यांच्या आया लांबून येऊन सोबतीला गेल्या. आत्याला कुणी बोलावलं नाही. तोंडावर कुणी काही म्हटलंही नाही. पोटुशी बाई समोरून आली की आत्याच पायवाट सोडून बाजूला व्हायची. तिला आता दिवसभर काही काम नव्हतं, तरी ती दमायची. पूर्वीपेक्षा जास्त.

मी सांगत राहिले. सासूबाईंना सांगितलं, जावांना सांगितलं, विहिरीवर सांगितलं. बीपी म्हणजे काय, वार म्हणजे काय, मूल सकाळपासूनच हललं नव्हतं. सगळ्या माना डोलवायच्या. किती वेळा सांगावं? आपलं मेलेलं मूल नेमकं कधी मेलं, हे लोकांना पटवत फिरणं फार थकवणारं असतं. पुढे पुढे मी कंटाळले. पण सगळ्यात जास्त सांगितलं ते आत्याला, कारण तिचंही मत वाडीचंच होतं. तिला वाटायचं, आपल्याच हाताने झालं. "आत्या, तू नसतीस तर मी मेले असते," मी म्हणायचे. "असंल," ती म्हणायची. "मूल आधीच गेलं होतं, डॉक्टर म्हणाले." "असंल गो." आणि मान खाली घालून नाचणी पाखडत राहायची. मला तिचा राग यायचा. आपल्यावरचा आळ ही बाई स्वतःच सोडायला तयार नाही, याचा राग.

दुसऱ्या वेळी मी सुरुवातीपासून दासगावला राहिले. रोज गोळी, महिन्यातून दोनदा तपासणी, आईचा डोळ्यात तेल घालून पहारा. शेवटी बीपी पुन्हा चढलंच, पण या वेळी वेळेत कळलं. मुलगी लवकर झाली, एवढीशी, पण झाली. तिला घेऊन वाडीत आले तेव्हा सगळ्या बायका जमल्या. आत्या लांबूनच, आंब्याखाली उभी राहून बघत होती. मी मुलीला घेऊन तिच्याकडे गेले तर मागे सरली. "नको गो. ऊन हाय, आत ने तिला." मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, पण आत्याने तिला कधी उचलून घेतलं नाही. खाऊ द्यायची तो पायरीवर ठेवायची.

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. वय झालं होतं, दुसरं काही नव्हतं. वाडीतल्या बायका आळीपाळीने भात भरवून जात. सगळ्यांच्या उशाशी बसलेल्या बाईच्या उशाशी बसायला मात्र कुणाला फार वेळ नव्हता. मी दुपारी जाऊन बसायचे. एकदा अशीच बसले होते, मुलगी बाहेर अंगणात खेळत होती. आत्या डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "तुझा मुलगा आता केवढा झाला असता गो?"

मी सांगितलं.

 मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला माफ केलंस का?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. बीपी, वार, डॉक्टर काय म्हणाले, सकाळपासून न हललेलं मूल. इतकी वर्षं सांगून सांगून पाठ झालेलं. माफ करायला तिने केलं काय होतं? माझा जीव वाचवला होता. पण हे मी तिला हजारदा दिलं होतं आणि तिने ते कधीच घेतलं नव्हतं. तिला ते नकोच होतं. तिला हवं होतं ते दुसरंच होतं, आणि ते देणारी जगात मी एकटीच होते.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "केलं, आत्या."

तिने मान हलवली. मग डोळे उघडून दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरीला बोलाव. जरा माझ्याजवळ बसव."